घरगुती जेवण मिळेल

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या मुलखात रस्त्यारस्त्यावर ज्या पाट्या दिसतात, त्यांत मला सर्वांत गमतीची वाटणारी पाटी म्हणजे 'घरगुती जेवण मिळेल'. माणूस घर सोडतो, गाडीभाडे खर्चतो, पोटात कावळे ओरडेपर्यंत हिंडतो, आणि शेवटी पैसे मोजून मागतो काय, तर घरचे जेवण! बरे, हे घर त्याचे नव्हेच. दुसऱ्या कुणाचे तरी. दुसऱ्याच्या घरची आमटी, दुसऱ्याच्या आईच्या हातची भाकरी. 'हॉटेल' म्हटले की आपल्या मनात दहा शंका येतात. तेल कसले असेल, मासळी कालची तर नसेल? पण 'घरगुती' म्हटले की शंका चपलांबरोबर बाहेरच राहतात. एका शब्दावर केवढा हा विश्वास! गेल्या डिसेंबरात उत्तनच्या समुद्रकाठी एका घरगुती खानावळीत मी जेवून आले, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

मी राहते मिरारोडच्या नया नगरात. आमच्याकडे खाण्याजेवणाची वानवा नाही. स्टेशनाच्या पूर्वेला बाहेर पडून जरा आत शिरले की शेगड्यांवरच्या कबाबांचा धूर नाकात जातो. रमजानच्या रात्री तर गल्ल्यांतून चालणे कठीण होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे इकडे राहायला आली, आणि येताना जो तो आपली चव बरोबर घेऊन आला. आम्ही त्यांतले श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. तांदळाची भाकरी, नारळ आणि मासळी, यांतच आमचा स्वर्ग.

आमच्या घरावर पाटी नाही, पण आमच्या घरीही घरगुती जेवण मिळते. अम्मी अठरा डबे करते. दुकानांत काम करणारी, एका खोलीत पाच-सहाजण राहणारी मुले तिचे डबे घेतात. पहाटे साडेचारला आमच्या घरात दिवस सुरू होतो. मी कॉलेजात निघते तेव्हा डबे भरून ओळीने उभे असतात, आणि अम्मीने अजून चहाही घेतलेला नसतो. माझ्या फीचे पैसे त्या डब्यांतूनच येतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा या पायरीला भाकरीचे पीठ लागलेले आहे असे म्हटले तर ते नुसते अलंकारिक होणार नाही.

शेजारच्या चार मुलांच्या शिकवण्या घेऊन मी थोडे पैसे साठवले होते. नवा ड्रेस घेऊ की चादर, असे अम्मीला विचारले. ती म्हणाली, "मला काही वस्तू नको. दुसऱ्या कुणीतरी केलेलं गरम जेवण एकदा बसून जेवायचं आहे."

मग कुठे जायचे यावर घरात परिषद भरली. माझी मैत्रीण म्हणाली, इटालियन खायला घेऊन जा, पिझ्झा, पास्ता, आईला नवीन काहीतरी दाखव. आमच्या एक मॅडम इटलीला जाऊन आल्या आहेत. त्यांनी वर्गात सांगितलेले मला आठवले. तिकडे समुद्रकाठच्या गावांत 'त्रात्तोरिया' म्हणून छोट्या खानावळी असतात. पुष्कळदा सारे कुटुंबच ती चालवते. आई रांधते, बाप गल्ल्यावर, मुले वाढतात, आणि जगभरचे प्रवासी तिथे येऊन समुद्राकडे तोंड करून जेवतात. तिथे बऱ्याच ठिकाणी पाव आणि टेबलावरची मांडामांड यांचे दर माणशी थोडे पैसे वेगळे लावतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. मी हे सारे रंगवून सांगितले. अम्मीने ऐकून घेतले आणि विचारले, "मासे असतात ना तिथे? समुद्र असतो? घरच्या बाया करतात? मग त्याला इटलीला कशाला जायचं? उत्तनला जाऊ."

नया नगरातल्या हॉटेलात जायला ती तयार नव्हती. "इथे बसले तर चार ओळखीच्या येऊन विचारतील, आज चूल का बंद?"

रविवारी डबे बंद असतात. मिरारोडहून गाडीने एक स्टेशन भाईंदर, तिथे पश्चिमेला उतरून उत्तनची बस. खिडकीतून मुर्धे, राई, मोर्वा अशी गावे मागे पडू लागली. इमारती विरळ झाल्या, मिठागरे आली, मग झाडी आली. आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीत असे गाव आहे हे पूर्वेकडच्या कितीतरी लोकांना ठाऊकच नसते. नाताळ जवळ आला होता. घराघरांवर कागदी तारे टांगलेले, अंगणात मुले गोठ्याचा देखावा रचत बसलेली. आणि मग तो वास आला. सुक्या मासळीचा. बसमधल्या एका शहरी बाईने रुमाल नाकाला लावला. अम्मीने दीर्घ श्वास घेतला. "श्रीवर्धन आलं," ती म्हणाली.

उत्तनचा समुद्र चित्रातल्यासारखा निळा नाही. शेजारी वसईची खाडी असल्याने पाणी गढूळ, किनारा खडकाळ. पण हे पाणीच इथल्या लोकांचे शेत आहे. भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखी लांबलचक डोल जाळी लावून ठेवायची आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, मांदेली, जवळा धरायचा, ही इथली जुनी रीत. ओले बोंबील जोडी-जोडीने एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूंच्या उंच वलांड्यांवर वाळत घालतात. दुरून पाहावे तर कुणी चांदीची तोरणे बांधली आहेत असे वाटते. २०२३ साली आपल्या सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तो योग्यच. पण गरिबाच्या ताटाचा राजा कोण, असे विचाराल तर मी बोंबलाचे नाव घेईन.

खानावळ म्हणजे एका घराची पडवीच. वर पत्रे, खाली सहा टेबले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे ओढून ठेवलेल्या होड्या आणि समुद्र. हात धुवायला घरातूनच जावे लागे. पुढच्या खोलीत मेरीमातेची तसबीर, तिच्यापुढे दिवा, खुंटीला शाळेचे दप्तर, खाटेवर एक म्हातारे आजोबा टीव्ही बघत पडलेले. गोराई-उत्तनकडे सहलीला येणाऱ्यांची रविवारी इथे झुंबड असते. पाच टेबले भरलेली होती. जेवणारे हात धुवायला जात तेव्हा आजोबा पाय आखडून घेत. एका टेबलावरचे गृहस्थ ओरडले, "अहो, तो टीव्ही जरा हळू करा!" आजोबांनी मुकाट्याने आवाज बंद केला. स्वतःच्या घरात टीव्ही किती मोठा लावायचा हे गिऱ्हाईक ठरवते, हाही 'घरगुती' या शब्दाचा एक अर्थ.

घरधनीण पन्नाशीची होती. गिऱ्हाईके तिला 'आंटी' म्हणत होती. अम्मीच्या डोक्यावरची ओढणी तिने पाहिली, क्षणभर थांबली, आणि आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाली, "बस गो बाय. मासळीची कढई आणि तवा माझा वेगळा आहे. त्यात दुसरं काही पडत नाही. आणि ते फुगे नाताळाचे केलेत, पण त्यांत ताडी आहे. तुम्ही नका घेऊ." आमच्या मनातली अडचण आम्हांला तोंडाने बोलावी लागली नाही. पुष्कळ मोठमोठ्या माणसांना जे साधत नाही, ते त्या बाईने दोन वाक्यांत साधले.

जेवण आले. तळलेले बोंबील, सुरमईची एकेक तुकडी, कोळंबीचे लालभडक कालवण, भात आणि तांदळाच्या भाकऱ्या. बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे. कालवणाचा पहिला घास घेतला आणि अम्मी जेवायची थांबली. "हा मसाला कुठला?" तिने विचारले. तो होता इथल्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणि बरेच जिन्नस वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बाटली मसाला.

एका ताटात किती इतिहास मावतो! १५३४ साली वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, तो १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने परत घेतला. पोर्तुगीज गेले, पण पाव आणि बटाटा हे शब्द ठेवून गेले. आज जिच्यावाचून आपले कालवण होत नाही ती मिरचीसुद्धा मूळची अमेरिकेची, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आलेली. ज्या टोमॅटोवाचून इटलीचे जेवण सुचत नाही, तोही तिकडे अमेरिकेतूनच गेला. मुंबई-ठाण्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचे! पण त्यांची भाकरी आमच्याच भाकरीची बहीण, आणि नारळ दोघींचा एकच. नावे बदलतात, राज्ये बदलतात, पाट्यावरचे वाटण फारसे बदलत नाही.

मात्र मला सांगायचे आहे ते वेगळेच. अम्मी खुर्चीच्या कडेवर बसली होती. आत भाकरी थापल्याचा आवाज येई, तसतशी तिची बोटे ताटाच्या कडेवर हलत. पहिली भाकरी तिने अर्धी करून माझ्या ताटात टाकली. ती घरची सवय. तेवढ्यात वाढणारी मुलगी तव्यावरून उतरलेली भाकरी घेऊन धावत आली आणि थेट अम्मीच्या ताटात टाकली. वाफ निघत होती. अम्मीने ती बोटांनी मोडली, चटका बसला, हात मागे घेतला आणि हसली. म्हणाली, "गरम भाकरी अशी असते होय!" दिवसाला साठ-सत्तर भाकऱ्या भाजणारी बाई हे बोलत होती. आमच्या घरी ती सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला येते ती गार झालेलीच. एकोणीस वर्षे मी तिच्या हातची गरम भाकरी खात आले आणि तिने गरम भाकरी खाल्लेली मात्र त्या दिवशी प्रथम पाहिली.

वाढणारी मुलगी माझ्याच वयाची होती. माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या वहीवरचे कॉलेजचे नाव तिने वाचले. "कुठल्या वर्षाला?" तिने विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "मी बारावी केली. चांगले मार्क होते. मग हॉटेल वाढलं." मी सहज विचारले, "तुला इथे पगार मिळतो?" ती खो खो हसली. "घरच्याच हॉटेलात कसला पगार? मी काय नोकर आहे?" आणि 'ओ ताई, पाणी' अशी हाक आली तशी पळाली.

तिचे उत्तर बरोबरच होते, तरी मला ते खटकत राहिले. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो आहोत की, देशाच्या श्रमबळाची पाहणी होते तेव्हा अशा माणसांसाठी एक वेगळा रकाना असतो: 'घरगुती उद्योगातील बिनपगारी मदतनीस'. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. त्या रकान्याला हसरा चेहरा असतो, हाताला चटक्यांचे डाग असतात आणि बारावीला चांगले मार्क असतात, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले होते की, बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाचे २९९ मिनिटे घालवतात, आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातले काम घरात राहिले तर ते काम नव्हे. त्याच कामाला पाटी लावून पैसे आले तर तो धंदा. पण धंदा झाला तरी करणाऱ्या हातांना 'घरचेच' म्हणून मोजायचे नाही! 'घरगुती' हा शब्द असा दुधारी आहे. गिऱ्हाईकाला तो विश्वास देतो, आणि राबणाऱ्याला पगार मागू देत नाही.

परंतु एकच बाजू सांगून थांबले तर त्या घरधनिणीवर अन्याय होईल. गर्दी ओसरल्यावर ती पदराने घाम पुसत आमच्या टेबलाशी बसली. दोघी बायांचे असे काही जमले की मी केवळ ऐकत राहिले. ती सांगत होती, "पूर्वी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची. पावसात, गर्दीत. लोक वासाने दूर सरायचे. आता तीच माणसं गाडी करून माझ्या दारात येतात, माझ्याच हातचं खातात आणि आंटी म्हणतात. गल्ला माझ्याकडे आहे. नवरा डिझेलला पैसे मागतो ते माझ्याकडे." जून-जुलैत मासेमारी बंद असते, होडी किनाऱ्यावर असते, तेव्हा घर या सहा टेबलांवर चालते. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ताठा होता, आणि तो तिला शोभत होता.

मला गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची आठवण झाली. गावाकडे बायकापोरे ठेवून मुंबईला आलेल्या गिरणी कामगारांना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे दार दाखवले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगाराचा पगार थांबला, म्हणजे खानावळीचा पैसाही थांबला. गिरण्यांच्या इतिहासात संपाची पाने पुष्कळ आहेत, या बायांच्या चुलींची थोडी. पण बँकेने कर्ज दिले याचा अर्थ एवढाच की, 'ही नुसती रांधणारी बाई नव्हे, ही धंदा करणारी बाई आहे', असे प्रथमच कुणीतरी कागदावर लिहिले.

इतक्यात अम्मीने तो प्रश्न विचारला, जो मला सुचला नसता. "भाव कसा धरता?" घरधनिणीने बोटांवर हिशेब मांडला. मासळी, तांदूळ, तेल, गॅस, कोळसा. अम्मी म्हणाली, "आणि हात?" घरधनीण गप्प झाली. अम्मी म्हणाली, "मीसुद्धा नाही धरत. आज इथे बसून पोरीला पळताना बघितलं, तेव्हा लक्षात आलं. माझं बसणं आज सातशे वीस रुपयांचं झालं, त्यात ह्या पोरीचे किती?" इटलीत नुसते टेबल मांडण्याचे पैसे लावतात, हे मी तेव्हा पुन्हा सांगितले. दोघींनाही ते फार आवडले. घरधनीण म्हणाली, "मग त्या टीव्हीवाल्याला मी दुप्पट लावीन!" खाटेवरचे आजोबासुद्धा हसले.

निघताना मी त्या मुलीला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहिती दिली. १९८९ साली ते निघाले आहे ते अशांसाठीच. काम सांभाळून, घरी अभ्यास करून बी.ए. होता येते. तिने माझा नंबर मागून घेतला. तिची आई ऐकत होती. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. फक्त म्हणाली, "रविवारी परीक्षा नसते ना?" प्रश्न गिऱ्हाइकीचा होता, आणि तो खराही होता. रविवारी ती मुलगी नसेल तर सहा टेबले कोण सांभाळणार? माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. माझी अम्मी मला डबे भरायला थांबवत नाही, म्हणून मी तुमच्यापुढे हा लेख घेऊन उभी आहे. माझ्यात आणि तिच्यात हुशारीचे अंतर नाही. अंतर आहे ते एवढेच की, आमच्या घरातल्या एका बाईने दोघींचे काम एकटीने करायचे ठरवले.

जानेवारीपासून अम्मीने डब्याचा भाव ऐंशीचा नव्वद केला. हिशेबाची वही मी लिहिते. तांदूळ, तेल, गॅस यांच्याखाली तिने मला नवी ओळ घालायला लावली: 'हात'. अठरापैकी तिघांनी डबा बंद केला. त्यातला एक पंधरा दिवसांनी परत आला. म्हणाला, स्वस्त डबा मिळाला खरा, पण भाकरी गार असते.

उत्तनहून दोनदा फोन आला. पहिल्या वेळी तिने विषय कोणकोणते असतात ते विचारले, दुसऱ्या वेळी फी किती ते. प्रवेशाचे अर्ज निघाले की मी पुन्हा तिकडे जाणार आहे. अम्मीही येणार म्हणते. या वेळी जेवणाचे पैसे ती देणार आहे, 'हात' या ओळीतून.